आवाज कशाबरोबर बदलतो? जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सपासून क्राउनपर्यंत

जुन्या पिकअपच्या खालून आवाज यायला लागला की पहिला संशय गिअरबॉक्सवर घेतला जातो आणि पुष्कळदा तो चुकीचा ठरतो. त्याला कारण आहे. गिअरबॉक्स चालकाच्या पायाशी असतो आणि गिअरचा दांडा त्याच्या हाताशी, त्यामुळे मागच्या हौसिंगमध्ये (मागच्या ॲक्सलच्या लोखंडी आवरणात) सुरू झालेली घरघर प्रोपेलर शाफ्टमधून (गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल यांना जोडणाऱ्या लांब दांड्यातून) आणि चासीच्या लोखंडातून पुढे येते, ती दांड्यात जाणवते आणि तिथेच जन्मल्यासारखी वाटते. म्हणून आवाज कुठून येतो हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवावा आणि तो कशाबरोबर बदलतो हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. पाना हातात न घेता निम्म्याहून अधिक निदान या एका प्रश्नातून होते.

आमच्या घरची पिकअप लांब हौद्याची, डिझेलची, पाच गिअरची, मागच्या चाकांना ताकद देणारी आणि मागे पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) बसलेली आहे. वर्षभर ती लांज्याच्या आसपास चिरा, खत आणि काजू वाहते आणि हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला जाते. गेल्या हंगामाच्या अखेरीस तिच्यात तीन गोष्टी एकदम जाणवू लागल्या. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे एक घुमणारा आवाज येई, क्लच सोडून गाडी हलली की खालून ‘टक्क’ असा एक ठोका बसे आणि घाट उतरताना तिसरा गिअर मधूनच निसटून न्यूट्रलमध्ये येई. कोल्हापुरातील एका गॅरेजमध्ये एक फेरी मारून झाल्यावर निकाल मिळाला, “मालक, बॉक्स खाली घ्यायला लागंल.” असा निकाल अगदी निराधार नसतो, कारण गिअर निसटतो म्हणजे दोष गिअरबॉक्समध्ये, हे वरवर सरळ दिसते. परंतु तिन्ही लक्षणे एकाच दोषाची आहेत, हे गृहीत धरायला मात्र काहीच आधार नव्हता. एवढ्या वयाच्या गाडीत दोन-तीन दोष शेजारी शेजारी सुखाने नांदत असतात.

पिकअपमध्ये फिरणाऱ्या भागांचे तीन वेग असतात. इंजिनाचा वेग हा पहिला आणि क्लच दाबलेला नसेल तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही त्याच वेगाने फिरतो. दुसरा वेग गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा आणि त्याच्या टोकाला असलेल्या पिनियनचा, म्हणजे मागच्या हौसिंगमधल्या लहान दातेरी चाकाचा. तिसरा वेग क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठे दातेरी चाक), ॲक्सल आणि चाकांचा. कोणताही आवाज यांपैकी एका वेगाला बांधलेला असतो. तो कोणत्या वेगाला बांधलेला आहे हे ठरवले की दोन तृतीयांश गाडी संशयातून मोकळी होते.

सुरुवात उभ्या गाडीपासून करावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन मंद चालू आणि पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. या स्थितीत इनपुट शाफ्ट आणि त्याच्या खालचा, दात्यांनी त्याला जोडलेला ले शाफ्ट फिरत असतात. घरघर ऐकू येत असेल आणि क्लच पूर्ण दाबल्यावर ती थांबत असेल, तर या दोन शाफ्टांची बेअरिंगे संशयित ठरतात. याच्या उलट, पाय वर असताना शांतता आणि पेडलला पाय लागताच किचकिच सुरू होत असेल, तर तो रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) आवाज असतो. क्लच दाबून गाडी गिअरमध्ये उभी असताना बारीक शीळ येत असेल, तर फ्लायव्हीलच्या मधोमध बसलेल्या पायलट बेअरिंगकडे पाहावे, कारण त्या वेळी इंजिन फिरत असते आणि इनपुट शाफ्ट थांबलेला असतो. जुन्या डिझेल गाड्यांत न्यूट्रलमध्ये जी खडखड ऐकू येते आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबताच नाहीशी होते, तिला मात्र घाबरू नये. मंद चालणाऱ्या इंजिनाचे झटके क्लच प्लेटमधल्या थकलेल्या स्प्रिंगा पुरेसे शोषत नाहीत आणि मोकळे गिअर एकमेकांवर आपटतात, एवढाच त्याचा अर्थ असतो. आमच्या गाडीत ही खडखड होती, बाकी काही नव्हते.

गिअर टाकताना होणारी करकर हा वेगळा विषय आहे आणि तिच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. रिव्हर्स गिअरला बहुतेक जुन्या गाड्यांत सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन भागांचे वेग जुळवणारी योजना, नसतो. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तेवढ्या वेळात आतले सर्व शाफ्ट थांबायला हवेत. तरीही करकर होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे आणि गिअरबॉक्सकडे न वळता क्लचच्या तेलाची पातळी आणि पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारे मास्टर व स्लेव्ह सिलिंडर पाहावेत. थांबल्यावर रिव्हर्स निमूट पडत असेल आणि चालत्या गाडीत एखादाच गिअर, समजा दुसरा, कुरकुरत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. सिलिंडरचे किट आणि संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्याची मजुरी यांच्या खर्चातला फरक पाहता ही चार-पाच सेकंदे अवश्य खर्च करावीत.

त्यानंतर चालती गाडी. मोकळा, सपाट आणि सरळ रस्ता शोधावा, ताशी ६० चा वेग घ्यावा आणि क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, म्हणजे इंजिन मंद होते आणि गाडी नुसती घरंगळत राहते. घाटात हा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको. इंजिन मंद झाले तरी आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनाच्या वेगाला बांधलेला नाही. आमचा घुमणारा आवाज न्यूट्रलमध्ये बराच मंदावला, पण गेला नाही आणि गाडीचा वेग उतरेल तसा तोही उतरत गेला. मग ताशी ५५ वर एकदा तिसऱ्यात आणि एकदा चौथ्यात गाडी चालवून पाहिली. आवाज दोन्हीकडे सारखाच होता. अनेक पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे ताकद ले शाफ्टमधून न जाता सरळ मागे जाते. म्हणून पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता, असे असेल तर ले शाफ्टचे बेअरिंग जवळजवळ सिद्धच होते. आमच्याकडे तसा काहीच फरक पडत नव्हता. गॅरेजचा निकाल इथेच डळमळू लागला.

आता थोडे गणित, कारण ते खरोखर उपयोगी पडते. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आणि परीघ सुमारे २.२ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, तेव्हा चाक सेकंदाला साधारण साडेसात फेरे घेते. क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला १० दाते असतील, म्हणजे गुणोत्तर ४.१ असेल, तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला जवळजवळ ३१ फेरे घेतो. टायरचा किंवा चाकाचा दोष सेकंदाला सात-आठ हेलकावे देतो आणि ते स्टिअरिंगमध्ये किंवा बैठकीत जवळजवळ मोजता येतात. शाफ्टचा तोल गेला असेल तर सेकंदाला ३१ थरथरी होतात. त्या मोजता येत नाहीत, पण फरशीतून पायाला मुंग्यांसारख्या जाणवतात. क्रॉस जॉइंटच्या (शाफ्टच्या टोकाला असलेल्या, कोनात फिरू शकणाऱ्या जोडाच्या) कोनाचा दोष एका फेऱ्यात दोनदा बोलतो, म्हणजे सेकंदाला ६०-६२ वेळा. आणि दात्यांचा आवाज सेकंदाला सुमारे ३१० कंपनांचा असतो. हा स्वच्छ सूर आहे. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील काळी दोन जवळपास याच कंपनसंख्येवर लागते. ज्याचा कान तयार आहे त्याने ताशी ६० वर गाडीबरोबर गुणगुणून पाहावे. बाकीच्यांसाठी आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप फोनवर मिळतात, फोन बाजूच्या सीटवर ठेवून दुसऱ्या कोणाला तरी तो आलेख पाहायला सांगावे. सूर असेल तर दाते आणि सूर नसलेली घरघर असेल तर बेअरिंग, ही ढोबळ विभागणी मला बहुतेक वेळा खरी ठरलेली दिसली आहे.

आमच्या आवाजात दोन्ही होते आणि यातला उलगडा आंबा घाटाने केला. चढताना इंजिन मागच्या चाकांना ढकलत असते, तेव्हा पिनियनचे दाते क्राउनच्या दात्यांची एक बाजू दाबतात. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवर रोखली की चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि दात्यांची दुसरी बाजू दाबली जाते. घाटाच्या एकाच फेरीत दोन्ही बाजूंची परीक्षा मिनिटांच्या हिशेबाने, भरल्या हौद्यानिशी होते. सपाट रस्त्यावर ती क्षणभरच मिळते. साखरप्याकडून चढताना एक जाडसर घुमणारा आवाज, घाटमाथ्यावर ॲक्सिलरेटर सैल केला की क्षणभर शांतता आणि परतीच्या उतारावर त्याहून पातळ, वरच्या पट्टीतली शीळ. भार फिरताच आवाजाचा पोत बदलतो याचा अर्थ पिनियन आपल्या जागेवर घट्ट बसलेला नाही, तो भाराबरोबर पुढे-मागे सरकतो आहे आणि त्यामुळे दात्यांची गाठ दर वेळी वेगळ्या जागी पडते.

तरी चाकाचे बेअरिंग आणि टायर यांना आधी बाजूला करणे आवश्यक होते, कारण या दोघांमुळे जितकी हौसिंग विनाकारण उघडली जातात तितकी दुसऱ्या कशानेच उघडली जात नसतील. रस्ता मोकळा असताना गाडी सौम्यपणे डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकांवर जाते, तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचे बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचे. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. काँक्रीटवरून डांबरावर आल्याबरोबर तो बदलला तर हौसिंगला हात लावू नये. या दोन्हींचा आमच्या आवाजावर काही परिणाम झाला नाही.

मग गाडीखाली जाणे आले. यंत्र फिरत असताना, मागची चाके अधांतरी ठेवून खाली सरपटत जाण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ती मला सर्वस्वी अमान्य आहे. त्याची गरजही नसते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर, इंजिन बंद, चावी खिशात, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडलेला. खेरीज मागचा ॲक्सल स्टँडवर असावा आणि स्टँड ॲक्सलखालीच असावा. चासी उचलून ॲक्सल लोंबकळत ठेवला तर शाफ्टचे कोन बदलतात आणि जे दिसते ते चालत्या गाडीचे चित्र राहत नाही.

मागच्या क्रॉस जॉइंटच्या एका टोपणाभोवती विटेच्या रंगाची बारीक भुकटी साचली होती. आतल्या सुयांसारख्या रोलरना ग्रीस मिळाले नाही की त्या गंजतात आणि त्यांचा चुरा सीलमधून याच रंगाने बाहेर पडतो. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने फ्लँज (शाफ्ट जिला जोडतात ती पिनियनवरची चकती) धरून उलटसुलट पिळले तेव्हा दोन्हींच्या मध्ये डोळ्यांना दिसेल इतकी हालचाल होती. ‘टक्क’ आवाजाचा उगम हा. त्यानंतर पिनियनची फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवली. ती फिरवताना थोडी मोकळी लागणे स्वाभाविक आहे, कारण दात्यांमध्ये जागा ठेवलेलीच असते, पण वर-खाली किंवा पुढे-मागे ती तसूभरही हलता कामा नये. आमची हलत होती, किंचितच, परंतु बोटांना स्पष्ट कळेल अशी. फ्लँजमागे तेलाचा ओला पट्टा होता आणि हौसिंगच्या पोटावर तेलात कालवलेल्या लाल मातीचा थर. हे सील आधी एकदा बदललेले होते. नवे सील पुन्हा गळू लागले तर दोष बहुधा सीलचा नसून त्यातून फिरणाऱ्या शाफ्टचा असतो, कारण डगमगणाऱ्या शाफ्टला कोणतेच सील फार दिवस पुरत नाही.

हौसिंगचे तेल काढले ते फिकट कॉफीच्या रंगाचे निघाले, म्हणजे त्यात पाणी होते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप सापडतो, तो वयाप्रमाणे क्षम्य असतो. त्या लेपात नखाने वेगळे काढता येतील असे चकचकीत पापुद्रे होते, ते क्षम्य नव्हते. गिअरबॉक्सच्या तेलात पिवळसर चमक दिसली असती तर ती सिंक्रो रिंगांच्या पितळेची मानली असती, तशी ती दिसली नाही. पाणी कुठून आले याचे उत्तर ॲक्सलच्या वर असलेल्या ब्रीदरने, म्हणजे हौसिंगमधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या छोट्या तोंडाने दिले. तो चिखलाने बुजलेला होता. कोकणात पावसाळ्यात फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढणे नित्याचे आहे. चालून तापलेले हौसिंग थंड पाण्यात एकाएकी निवते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर ती पोकळी सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. पाणी मिसळलेल्या तेलात बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडू लागतात. रुपया-दोन रुपयांच्या चिखलाने पिनियनची बेअरिंगे खाल्ली, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा गिअर निसटण्याचा या सगळ्याशी संबंध नव्हता. गिअर निसटतो तेव्हा आतले झिजलेले दाते, वाकलेला फोर्क किंवा थकलेली गोळी-स्प्रिंग ही कारणे असू शकतात, पण त्यांच्याआधी बाहेरून पाहता येणारी दोन कारणे तपासावीत, ती म्हणजे बेल हौसिंगचे (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाचे) ढिले बोल्ट आणि फाउंडेशनचे (गिअरबॉक्स ज्यावर टेकतो त्या आधाराचे) रबर. गिअरबॉक्सच्या मागच्या फाउंडेशनखाली पहार लावून हलके उचलले तर रबर लोखंडापासून पूर्ण सुटलेले दिसले. उतारावर इंजिन रोधायला लागले की संपूर्ण गिअरबॉक्स कलत असे आणि दांडा आपोआप गिअर बाहेर ओढत असे. नवे फाउंडेशन बसवल्यावर गिअर निसटणे थांबले आणि गिअरबॉक्स होता तिथेच राहिला.

हौसिंगचे काम मात्र घरगुती नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेले असतात, त्यामुळे बदलायचे तर दोन्ही बदलावे लागतात. बेअरिंग बदलतानाही पिनियनची खोली शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी), बेअरिंगवरचा आधीचा ताण टॉर्क मोजून आणि दात्यांतील मोकळीक डायल गेजने (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या उपकरणाने) जुळवावी लागते. ही मोकळीक बहुतेक हलक्या वाहनांत ०.१ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान असते आणि नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा लागतो. शेवटी दात्यांना रंग लावून उमटणारा ठसा पाहावा लागतो. तो दात्याच्या मध्याजवळ हवा, कडेला गेलेला ठसा म्हणजे पुढच्या शिळेची पायाभरणी. ज्या गॅरेजमध्ये डायल गेज कपाटातून काढून दाखवता येत नाही, तिथे हे काम देऊ नये, असे मला वाटते. हाताच्या अंदाजावर चालणारे कुशल फिटर मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मिलिमीटरच्या दशांशाचा अंदाज हाताला येत नाही.

शाफ्ट काढताना त्याच्या सरकत्या दातेरी जोडाच्या दोन्ही भागांवर खूण करून घेणे हे सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक विसरले जाणारे काम आहे. एक क्रॉस जॉइंट कोनात फिरताना पुढचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त करतो आणि दुसऱ्या टोकाचा जॉइंट ती चूक पुसून टाकतो, पण दोघे एकाच पातळीत असतील तरच. दातेरी जोड एखाद-दोन दात्यांनी चुकवून बसवला की आधी नसलेली थरथर दुरुस्तीनंतर सुरू होते आणि दोष नव्या क्रॉसवर ढकलला जातो. जास्त माल घेता यावा म्हणून मागे पाटे वाढवण्याची जी रीत आहे, तिचाही परिणाम इथेच होतो. रिकामी गाडी मागून उंच राहते, पिनियनचा कोन बदलतो आणि रिकाम्या फेरीत थरथर जाणवून भरल्यावर ती नाहीशी होते. भरल्यावर बरी वाटणारी गाडी दिसली की मी आधी पाटे मोजतो.

तेलाबाबत एकच मुद्दा, पण तो महत्त्वाचा आहे. क्राउन-पिनियनचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही, म्हणून हौसिंगला जीएल-५ दर्जाचे, म्हणजे जास्त दाब सोसणारे तेल लागते. तेच तेल गिअरबॉक्समध्ये सरसकट ओतण्याची पद्धत मात्र धोक्याची आहे, कारण त्यातील गंधक आणि फॉस्फरसची द्रव्ये काही गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रो रिंगांना बाधतात. अशा ठिकाणी उत्पादक जीएल-४ सांगतो. डब्यावरचा ८०डब्ल्यू-९० हा आकडा केवळ दाटपणा सांगतो, दर्जा सांगत नाही, आणि दुकानदार बहुधा तोच आकडा ऐकून डबा काढून देतो.

आमच्या पिकअपला पिनियनची दोन्ही बेअरिंगे, सील, मागचा क्रॉस, फाउंडेशन आणि नवा ब्रीदर, एवढेच लागले. क्राउन-पिनियनची जुनी जोडी ठसा पाहून तशीच ठेवली. घरघर आणि ठोका दोन्ही गेले. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर ताशी ५५ ते ६० च्या मध्ये एक पातळ शीळ अजून ऐकू येते, कारण सैल पिनियनवर दात्यांची ती बाजू काही काळ चुकीच्या जागी घासली गेली आहे आणि नवी बेअरिंगे ती झीज भरून काढू शकत नाहीत. ती वाढत नाही तोवर जोडी बदलण्याचा खर्च मी करणार नाही. पावसाळा संपला की हौसिंगचे बूच उघडून तेलाचा रंग आणि चुंबक पाहायचे ठरवले आहे. त्यात पुन्हा पापुद्रे दिसले तर जोडी बदलावी लागेल, नाहीतर नवे तेल भरून पुढच्या हंगामाला गाडी तयार असेल.